ज्वारीची भाकरी, ओला नारळ आणि घरमालकीण आजी

वाचकाचे पत्र

मी जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्याची. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. एका आजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटीच राहते. गाव सुंदर आहे, मुले गुणी आहेत, आजी आईसारखी माया करतात. तरीही ताट पुढे आले की मला रडू येते. आमच्या घरचे रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची किंवा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, तिखट भाजी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. हिवाळ्यात भरीत, पाहुणे आले की वरण-बट्टी नाहीतर शेवभाजी. येथे भाकरी थापतानाच चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. आईने दिलेले पीठ पावसाळ्यात कडवट झाले. आजी रोज वाटीभर काहीतरी आणून देतात, पण प्रत्येक पदार्थात ओला नारळ असतो आणि तो मला गोड लागतो. मी शाकाहारी आहे. पावसाळ्यात तर सुक्या मासळीच्या वासाने जेवण नकोसे होते. आजींचे मन मोडू नये म्हणून मी वाटी घेते आणि नंतर टाकून देते, याची फार लाज वाटते. वजनही उतरले आहे. सहकारी म्हणतात, "लोक पैसे खर्चून कोकणात येतात आणि तुम्ही भाकरीसाठी रडता?" एवढ्याशा गोष्टीसाठी बदली मागणे हा वेडेपणा आहे का? मी माझी जीभ बदलायला हवी का? आणि आजींना काय सांगू?

— एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

माणूस दिवसातून दोन वेळा जेवतो. ती दोन्ही जेवणे दोन वर्षे रोज परकी लागत असतील, तर त्या गोष्टीला 'एवढीशी' म्हणायला मी तयार नाही. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु चार दिवस फिरायला येऊन सोलकढी पिणे आणि आपल्या गावापासून दूर, एकटीने, रोजच्या चुलीशी झगडत राहणे यांत फार अंतर आहे. चवीची ओळख जन्माआधीच सुरू होते; आईने खाल्लेल्या अन्नाची चव गर्भजलातून आणि पुढे दुधातून बाळापर्यंत पोचते. वासाची जाणीव तर मेंदूतील भावनांच्या आणि आठवणींच्या भागांशी अगदी जवळून जोडलेली असते. म्हणून तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वास आठवला की तुम्हाला केवळ भूक लागत नाही, तर आईचे स्वयंपाकघर, तिथला उजेड आणि तिथली माणसे आठवतात. त्यात रडू येण्यासारखे काही नाही असे ज्याला वाटते, त्याला बहुधा आपले ताट कधी सोडावे लागलेले नसते.

तेव्हा जीभ बदलण्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. दिवसातील एक जेवण पूर्णपणे तुमच्या माहेरच्या पद्धतीचे असावे, असे मला वाटते. शाळा सुटल्यावर हाताशी वेळ असतो, म्हणून ते संध्याकाळचे असले तर अधिक बरे. दुसऱ्या जेवणात कोकणातील अन्नाला सावकाश जागा द्यावी, आणि तीही त्या अन्नाच्या स्वतःच्या गुणांवर. भाकरीऐवजी भात, शेंगदाण्याऐवजी नारळ अशी अदलाबदल करू पाहिली तर प्रत्येक घासाला तुलना होते आणि प्रत्येक तुलनेत नवा पदार्थ हरतो. एक जेवण आपले आहे हा भरवसा असला की दुसऱ्या ताटाकडे मोकळ्या मनाने पाहता येते.

आता भाकरीकडे वळते, कारण तुमच्या दुःखाचा मोठा भाग त्या चिरणाऱ्या भाकरीत आहे आणि तो भाग बराचसा दूर करता येण्यासारखा आहे. तुमचा हात बिघडलेला नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो. ती भाकरी पिठाच्या विरीवर, म्हणजे पीठ एकमेकांना धरून राहण्याच्या गुणावर, उभी असते, आणि विरी ताज्या पिठालाच असते. यावलला तुमच्या घरी आठ-पंधरा दिवसांचे दळण होत असणार आणि हवा वर्षातील बराच काळ कोरडी असणार. जळगावात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकणात तीन हजारांच्या आसपास आणि अनेक ठिकाणी त्याहूनही जास्त. अशा हवेत दोन-तीन महिन्यांचे पीठ डब्यात राहिले की ते ओल धरते, त्याला कुबट वास येतो, त्यातील स्निग्धांश खवट होऊन चव कडवट लागते, आणि विरी तर त्याआधीच गेलेली असते. आईने मायेने पीठ दिले हे खरे, परंतु यापुढे तिच्याकडे पिठाऐवजी धान्य मागा.

तुमच्याकडची दादर ज्वारी रब्बीची. होळीच्या आसपास नवे धान्य घरात येते आणि त्यानंतर खानदेशचे एप्रिल-मेचे कडक ऊन असते. ते धान्य तिथेच चांगले वाळवून, निवडून ठेवायला सांगा आणि मेच्या सुटीनंतर परत येताना घेऊन या. दिवसाला दोन भाकऱ्या धरल्या तर महिन्याला साधारण चार किलो लागतात. म्हणजे जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत अठरा-वीस किलो पुरेसे होतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी, मध्ये आणि वर वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून धान्य भरावे. कडुनिंब कोकणात सहजी मिळत नाही, तेव्हा तोही तिकडूनच आणावा. डबा जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नये, कारण जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. फळीवर, चुलीच्या किंवा शेगडीच्या बाजूला ठेवावा. दर आठ-दहा दिवसांनी किलो-सव्वा किलोच दळून आणावे. गावच्या गिरणीत बहुतेक तांदूळ आणि नाचणी दळली जाते आणि दळण थोडे रवाळ पडते, म्हणून गिरणीवाल्याला बारीक दळायला आवर्जून सांगावे. आधीच्या दळणातील थोडे तांदळाचे पीठ मिसळले तर त्याने काही बिघडत नाही.

एवढे करूनही भर पावसात एखादे वेळी पीठ दगा देईल. त्यावरचा उपाय तुमच्या आजींच्या हातात आहे. तांदळाच्या पिठालाही ताण नसतो, म्हणून कोकणात तांदळाची भाकरी उकड काढून करतात; उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, वाफ जिरली की गरम असतानाच मळतात. गरम पाण्याने पिठातील पिष्ट फुगते, चिकट होते आणि पीठ एकमेकांना धरून राहते. ज्वारीसाठी पूर्ण उकड काढायची गरज नसते. परातीत एका भाकरीपुरते पीठ घ्या, त्यातील निम्म्यावर उकळते पाणी ओता, चमच्याने कालवा, मग उरलेले पीठ मिसळून तळहाताच्या टाचेने भरपूर मळा आणि लगेच थापा. मळलेला गोळा ठेवून दिला तर तो पुन्हा चिरतो. आजींना भाकरी थापताना एकदा शेजारी बसून पाहा. पाण्याचा आणि पिठाचा जो अंदाज त्यांना इथल्या हवेत आयुष्यभर आहे, तो आपल्या दोघींच्या कोणत्याही मापात बसणार नाही.

कळण्याच्या भाकरीबाबत तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे. कळण्यातील सालासकट उडीद पिठाला चांगला चिकटपणा देतो, त्यामुळे केवळ ज्वारीच्या पिठापेक्षा कळणा इथल्या हवेत अधिक विश्वासाने थापता येतो. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे सर्वसाधारण प्रमाण. तुमच्या आईचे थोडे वेगळे असेल तर तेच धरावे. ज्वारी संपली असेल त्या आठवड्यात नाचणीत उडीद मिसळून दळून पाहा. ती भाकरी रंगाने काळसर होते आणि चव अर्थातच निराळी असते, पण ठेचा आणि कच्च्या कांद्याबरोबर ती चांगली लागते, हे मी स्वतःच्या घरातील अनुभवावरून सांगते.

आपल्या गावचे पदार्थ आठवताना आपण त्या सगळ्यांची एकच मोठी उणीव करून टाकतो आणि मग ती उणीव भरून निघणे अशक्य वाटू लागते. प्रत्यक्षात त्यातील अनेक पदार्थांना खानदेशच्या मातीची मुळीच गरज नसते. वरण-बट्टीला जाडसर दळलेला गहू, ओवा, तूरडाळ आणि तूप लागते, आणि या सर्व गोष्टी राजापूरच्या बाजारात मिळतात. शेवभाजीची जाड तिखट शेव बाहेरून आणावी लागेल, पण पाकीट फोडल्यावर ती हवाबंद डब्यात ठेवली आणि मऊ पडल्यास कढईत कोरडीच परतून घेतली की पुरते. शेंगदाणे मात्र पावसाळ्यात फार आणून ठेवू नयेत, लवकर खवट होतात. पाव किलो आणावेत आणि आणल्याबरोबर भाजून ठेवावेत.

त्यातही मला सर्वांत अधिक भरवसा वाटतो तो फुणक्यांचा. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख केलेला नाही, पण यावलच्या घरात फुणके-कढी झाली नाही असे होणार नाही. भिजवून जाडसर वाटलेली तूरडाळ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ; मुटके करायचे आणि वाफवायचे, मग ताकाच्या कढीबरोबर वरून कच्चे तेल घेऊन खायचे. यात नारळ नाही, मासळी नाही, दूरवरून आणण्यासारखे काही नाही, आणि वाफवण्यासाठी लागणारे सर्वोत्तम भांडे कोकणातील घराघरांत असते, ते म्हणजे मोदकपात्र. आजींकडे एका रविवारी ते मागा. त्यांना पहिल्यांदा काही करून खाऊ घालायचे असेल तर हाच पदार्थ करा. वयस्कर माणसाच्या दातांना तो मऊ असतो आणि पचायला तळणीपेक्षा हलका असतो.

ओल्या नारळाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तुमची तक्रार रास्त असली तरी ती सगळ्या नारळावर टाकणे योग्य नाही. तुमच्या शेवभाजीचा काळा रस्सा कशावर उभा असतो? जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजलेल्या सुक्या खोबऱ्यावर आणि कांद्यावर. ते खोबरे तापीच्या काठी पिकत नाही. ते नारळाच्या मुलखातूनच येते. म्हणजे तुमच्या जिभेला खोबऱ्याचे वावडे नाही, तिला खटकतो तो ताज्या नारळाचा ओलसर गोडवा. कोकणातही सगळे वाटप, म्हणजे खोबरे वाटून केलेला मसाला, कच्चे नसते. कांदा आणि खोबरे खरपूस भाजून केलेल्या वाटपावर काळ्या वाटाण्याचे सांबार करतात, आणि संपूर्ण शाकाहारी कोकणी स्वयंपाकात तुमच्या रश्श्याच्या इतके जवळचे दुसरे काही मला दिसत नाही. आजींना ते करायला सांगा, मसाला थोडा चढा घालायला सांगा आणि आंबोळीऐवजी तुमच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. दुसरी वस्तू कुळथाची पिठी. लसणाची फोडणी, मिरची, आमसूल आणि कुळथाचे पीठ एवढ्यावर ती होते. ओला नारळ न घालताही ती पूर्ण असते. बेसनाच्या पिठल्यावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटू नये.

याउलट काही पदार्थ तुम्हाला कदाचित कधीच आवडणार नाहीत. नारळाच्या रसातले गोड शिरवाळे नाही आवडले तर नाही आवडले, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे की नवी चव आपलीशी व्हायला ती आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा चाखावी लागते, आणि बळजबरी केली की उलट तिटकारा बसतो. मोठ्या माणसांनीही हेच धोरण ठेवावे: चमचाभर चाखावे, ताट भरून घेऊ नये.

आता त्या वाटीविषयी. ही गोष्ट थांबायला हवी, आणि ती थांबवणे तुम्हाला वाटते तेवढे कठीण नाही. आज तुम्ही अन्न टाकता, त्याची खंत बाळगता आणि आजींना मात्र वाटते की मुलीला माझ्या हातचे आवडते. म्हणून त्या उद्या आणखी मोठी वाटी आणतात. खरे सांगितले तर त्या दुखावतील अशी भीती तुम्हाला वाटते. मी कोकणात वाढले आहे आणि त्या पिढीच्या बायकांना जवळून ओळखते, म्हणून सांगते की घरापासून दूर गेलेल्या माणसाची अन्नासाठी होणारी ओढ त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला कळते. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही रत्नागिरीतच होता, आणि त्या मोठ्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या कापडगिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. पुरुष मुंबईला आणि बायका गावी, अशी इथली घरे चालली. गणपतीला किंवा शिमग्याला आलेला चाकरमानी परत निघाला की कुळथाचे पीठ, आमसुले, पोहे, नाचणी, घरचा मसाला, फणसपोळी असे सगळे बांधून देण्याचे काम घरातील बाईचे असे. आधी आगबोटीने, मग एस.टी.ने आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर रेल्वेने ही गाठोडी मुंबईला जात राहिली. तुमच्या आजींची मुले कुठे असतात हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु त्यांनी असे गाठोडे कधीच बांधले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. परमुलखात गावची पिठी मिळाली नाही तर माणसाचे काय होते, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

म्हणून त्यांच्याशी बोलताना 'मला नारळ आवडत नाही' येथून सुरुवात करू नका. आपल्या घरापासून सुरुवात करा. दुपारी त्या निवांत असताना जाऊन बसा आणि साध्या शब्दांत सांगा: "आजी, मला आमच्याकडच्या भाकरीची फार आठवण येते, कधीकधी जेवताना रडूसुद्धा येतं. तुम्ही एवढ्या मायेने देता, पण ओल्या नारळाची गोडी माझ्या जिभेला अजून झेपत नाही, आणि वाटी घेऊन मी संपवू शकत नाही याचं मला वाईट वाटतं. माझ्यापुरती भाजी वाटप घालायच्या आधी काढून ठेवाल का? आणि मला तुमची उकडीची भाकरी शिकवाल का?" वाटी टाकून दिल्याचा तपशील सांगितलाच पाहिजे असे नाही, संपवता येत नाही एवढे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. यात त्यांच्यासाठी दोन कामे आहेत, आणि प्रेमाने काही देऊ पाहणाऱ्या माणसाला काम सांगितलेले आवडते. त्या क्षणभर वरमतील, कदाचित "आधी का नाही सांगितलंस?" म्हणून रागावतीलही. तेवढे ऐकून घ्या.

रोजची वाटी बंद झाली म्हणजे देणेघेणे बंद होऊ नये, यासाठी त्यांच्याकडे जेवायचे काही दिवस तुम्हीच ठरवून घ्या. कोकणातील अनेक घरांत सोमवारी, संकष्टीला, श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत मासळी शिजत नाही, आणि त्या दिवशीच इथला शाकाहारी स्वयंपाक खऱ्या अर्थाने बहरात असतो. पावसाच्या सुरुवातीला टाकळा आणि भारंगी, गोकुळाष्टमीच्या सुमारास शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळी, गौरी-गणपतीत अळूचे फदफदे, उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळ्या फणसाची भाजी. रानभाज्यांना थोडा कडवटपणा किंवा उग्रपणा असतो, आणि तिखटाची सवय असलेल्या जिभेला तो गोड आमटीपेक्षा अधिक मानवतो. वर नारळ पेरण्याआधी तुमचा वाटा काढून घेतला की झाले.

मासळीच्या वासाबद्दल मात्र आजींकडे काही मागू नका, अशी माझी विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून या दिवसांत घरोघरी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, बांगडे निघतात. त्यांचा वास ताज्या मासळीपेक्षा कितीतरी तीव्र असतो आणि पावसामुळे दारे-खिडक्या बंद असल्याने तो घरात कोंडतो. म्हणजे तुम्हाला होणारा त्रास खराच आहे, परंतु ते त्यांचे पावसाळ्याचे बेगमीचे अन्न आहे. साधारण किती वाजता त्या सुके भाजतात ते विचारून घ्या, त्याआधी तुमचा स्वयंपाक उरका, मधले दार लावून घ्या आणि शेगडी मागच्या खिडकीखाली हलवा. बंदी उठून ताजी मासळी येऊ लागली आणि पावसाचा जोर ओसरून खिडक्या उघडल्या की हा त्रास आपोआप कमी होईल.

वजनाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण तो मी ओझरता घेत नाही. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या, विशेषतः हिमोग्लोबिन. घरी तुमच्या पोटात रोज ज्वारी, उडीद, तूरडाळ आणि शेंगदाणे जात असत. येथे भात आणि लोणचे यांवर दिवस निघत असेल तर प्रथिने कमी पडतात आणि भूकही लवकर लागते. भाकरी रुळेपर्यंत रोज एक वाटी डाळ किंवा उसळ आणि मूठभर शेंगदाणे एवढे तरी चुकवू नका. जेवणापलीकडेही मन कशातच लागत नसेल, झोप मोडत असेल, शाळेत जाणेही जड वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर बोला. तेथे मराठीत बोलता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

बदलीविषयी माझे मत असे की अर्ज करण्यात वेडेपणा काहीच नाही, पण तो भाकरीच्या कारणासाठी आणि पावसाळ्यात करू नये. आई-वडिलांचे वय, लग्नाचा विचार, एकटेपणा ही कारणे असतील तर ती मोठी आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. आंतरजिल्हा बदलीला लागायचा तो वेळ लागतोच. तोपर्यंतही तुम्हाला रोज जेवायचे आहे. वर सांगितलेली धान्याची व्यवस्था एक पावसाळाभर करून पाहा आणि दिवाळीनंतर, पोट भरलेले असताना, निर्णय घ्या.

राहता राहिले भरीत. येथे मी पर्याय सुचवणार नाही, कारण तुमच्या भागातील भरताच्या वांग्याला पर्याय नाही. फिकट हिरवे, मोठे, कमी बियांचे ते वांगे तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत होते, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि तुमच्या तालुक्यातील बामणोदचे वांगे खाल्लेल्या माणसाला राजापूरच्या बाजारातील जांभळे वांगे भाजून देणे म्हणजे त्याची समजूत काढण्यासारखे आहे. ते वांगे तिकडूनच आले पाहिजे, आणि ते येऊ शकते. मंगला एक्सप्रेस भुसावळलाही थांबते आणि रत्नागिरीलाही, त्यामुळे गाडी न बदलता माणूस येऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत, हंगाम भरात असताना, आई किंवा भाऊ तुमच्याकडे चार दिवस राहायला यावेत असे बघा, आणि त्यांनी वांगी देठासकट, एकेक कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा टोपलीत किंवा खोक्यात आणावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम धरून सडतात. तुराट्या किंवा कपाशीच्या काड्या आणायची गरज नाही. आजींच्या परड्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, आणि करवंट्या असतीलच. सोडणे पेटवून त्यावर वांग्याची साल काळी करून घ्या आणि मग करवंटीच्या निखाऱ्यावर ती आतपर्यंत शिजू द्या. करवंटीचा निखारा बराच वेळ धग धरतो आणि वांगे एकसारखे भाजले जाते. धुराची चव काड्यांच्या धुरापेक्षा थोडी वेगळी येईल. पुढचे ठेचणे, मिरची-लसूण-शेंगदाणे, कांद्याची पात आणि भरपूर तेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

तालुक्यात खानदेशातील आणखी शिक्षक असतील, इतर जिल्ह्यांतील तर नक्कीच असतील. त्या दिवशी त्यांनाही बोलवा, आणि ज्या सहकाऱ्यांनी तुम्हाला हसून बोलून दाखवले त्यांनाही वगळू नका. आजींना भरीत तिखट लागेल, म्हणून त्यांचा वाटा मिरची कमी घालून आधीच वेगळा काढून ठेवा. पहिल्या वर्षी चार-पाच किलोच वांगी मागवा. प्रवासात किती टिकतात आणि किती माणसे जेवायला येतात, याचा अंदाज त्यावरून येईल आणि पुढच्या हिवाळ्यात तेवढीच मागवता येतील.

आपली,
सदरलेखिका